दिंडोरी नाक्यावरचा बोर्ड

गुरुवार, २८ एप्रिल २००५

कॉलेजचं कारंजं आज चालू होतं! दोन वर्षांत त्या कारंज्यात चहाचे कप आणि वाळका पाला सोडून मी काही बघितलं नाही. आज पाणी उडत होतं. जवळ गेले तर मागे टँकर उभा, त्याला पाइप जोडलेला. इंदिरानगरात आमच्या गल्लीला दिवसाआड पाणी — आणि इथे कारंजं!

नव्या माहितीपत्रकाचे फोटो काढणं चाललं होतं. जूनमध्ये पोरं भरायची आहेत. ते टायवाले मार्केटिंगचे साहेब आहेत ना, त्यांनी कालच निरोप धाडला होता — "मावशी, चार थाळ्या छान भरून आणा, कॅन्टीनचा फोटो घ्यायचाय." अहो, कॅन्टीन नाही म्हणून तर पोरं माझ्या मेसला जेवतात! पण म्हटलं असू दे, आपल्या हातच्या पोळीचा फोटो निघतोय. श्रीखंडसुद्धा केलं. रंगीत छत्रीखाली टेबल मांडलं, थाळ्या ठेवल्या, फोटो काढले. कोणी एक घास तोंडात घातला नाही. फोटोग्राफरने बटाट्याच्या भाजीवर ब्रशने तेल फिरवलं. चकाकायला पाहिजे म्हणे. ती भाजी येताना गाईला घातली.

आता खरी पंचाईत पुढे. परीक्षा संपल्या, पोरं आपापल्या गावी गेली. फोटोत हसायचं कोणी? थाळ्या उचलायला माझ्याबरोबर रोशनी आली होती. साहेबांचं बोट तिच्याकडे गेलं. "ही चालेल. फ्रेश आहे."

रोशनी म्हणजे सुरगाण्याकडच्या पाड्यावरच्या बारकूची लेक. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष आत्ताच दिलं तिने. माझ्या मागच्या खोलीत ती आणि निकिता, दोघी राहतात. सुटीत घरी गेली नाही, कॉम्प्युटरचा क्लास लावलाय आणि सकाळी मला पोळ्या लाटू लागते.

"नको मावशी," म्हणाली. मीच म्हटलं, "जा गं! फोटोच तर आहे. कोणी खातंय का तुला?" निकिताही थाळ्या घेऊन आली होती, ती घरी पळत गेली, आपली जीनची पँट आणि लाल टी-शर्ट घेऊन आली. वेणी मी सोडली. माझ्या या हातांनी.

एका पोराला मोटारसायकलवर बसवलं आणि मागे रोशनीला. "खांद्यावर हात ठेव," फोटोग्राफर म्हणाला. तिने चार बोटं टेकवली, तापल्या तव्याला लावावीत तशी. हसू काही येईना. तो फोटोग्राफर विनोद सांगून दमला. शेवटी मीच लांबून ओरडले, "रोशे, सकाळच्या तुझ्या पोळीच्या नकाशात श्रीलंकासुद्धा आली होती गं!" — आणि ही अशी खदखदून हसली! तेवढ्यात त्याने दाबलं बटण.

गंमत म्हणजे तो मोटारसायकलवरचा पोरगा कॉलेजचा नाहीच. फोटोग्राफरचा मेहुणा! लग्न झालेला, मुलगी बालवाडीत जाते.

शुक्रवार, २९ एप्रिल

दोघी दिवसभर फिदीफिदी हसताहेत. निकिता हिला "मॅडम, एक सही द्या ना" म्हणते. उरलेलं श्रीखंड संपलं. उकाडा फार.

मंगळवार, ३ मे

मेसला सात पानं उरलीत. सुटीत असंच. घर ओकंओकं वाटतं.

साहेब वाटेत भेटले. माहितीपत्रकावर काय लिहायचं ते वाचून दाखवलं — "चला, मनसोक्त जगू या!" त्यांना म्हटलं, साहेब, मी अठरा वर्षं पोरं जेवू घालते. पोरं जगतात कशी ते मला विचारा. सबमिशनच्या आदल्या दिवशी दुसऱ्याचं जर्नल उतरवत जेवतात, डाळीचा डाग पडतो, मग त्यावर खडू घासतात. घरून डबा आला की एकाचे लाडू सोळा जण खातात. एक पोरगा पेपर अवघड गेला म्हणून माझ्या ओट्यावर दीड तास बसला होता, बोलेना. त्याला नुसता वरणभात दिला. तेव्हा कुठे म्हणाला, "मावशी, लिंबू आहे का?"

साहेब म्हणाले, "हे छापता येत नाही हो."

मी दुसरीपर्यंतच शिकले. वाचायला लिहायला लागले ते पोरांनी टाकून दिलेल्या वह्यांवरून. ही वहीसुद्धा कुण्या पोराची, पहिल्या पंधरा पानांवर बेडकाची आतडी आहेत. पण मला वाटतं, त्या लिंबाचं छापलं असतं तर आयांनी पोरं डोळे मिटून पाठवली असती.

शुक्रवार, १३ मे

घात झाला.

दुपारी निकिता पंचवटीतून आली, धापा टाकत. "मावशी, दिंडोरी नाक्यावर रोशनी आहे!" मी म्हटलं, रोशनी तर आत तांदूळ निवडतेय. "तशी नाही हो! बोर्डावर! एवढी मोठी!"

माहितीपत्रक म्हणाले होते. हातात धरायचं पुस्तक. बोर्डाचं कोण बोललं होतं?

रोशनीने ऐकलं. ताट बाजूला ठेवलं. रडली नाही, काही नाही. नुसती म्हणाली, "बाबा गुरुवारी तिथूनच जातात."

शनिवार, १४ मे

सकाळी रिक्षाने गेले. बघितला.

काय सांगू! चार माणसं एकावर एक उभी केली तर तिच्या हनुवटीला लागतील. जीनची पँट, मोकळे केस, दात दिसतील असं हसू आणि तो मेहुणा! माझ्याच तोंडून निघालेल्या चेष्टेवर हसली होती पोर, पण बोर्डावर वाटतं त्यालाच हसतेय. आणि ती चार बोटं! एवढ्या मोठ्या बोर्डावर ती टेकवलेली वाटत नाहीत, धरलेली वाटतात. वर लिहिलंय, "चला, मनसोक्त जगू या!" खाली भाजीवाल्या बायका मेथीच्या जुड्या बांधत बसलेल्या. एक म्हणाली, "काय बाई, आजकालच्या पोरी." मी मान हलवली. हलवावी लागली.

बारकू दोन महिने दिंडोरीला संतोषभाऊंच्या द्राक्षबागेत खरड छाटणीच्या कामावर आहे. पाऊस लागायच्या आधी भात पेरायला पाड्यावर जाईल. दर गुरुवारी भाऊंचा टोमॅटोचा टेम्पो पंचवटीच्या मार्केटला येतो, क्रेट उतरवायला हा बरोबर. जाता-येता हा बोर्ड समोर. बारा तारखेला गुरुवारच होता. बघितला असेल का?

गेल्या जूनला पोरीला पोचवायला आला होता. दारात चप्पल काढून उभा. आत ये म्हटलं तरी आत येईना. जाताना म्हणाला, "मावशी, पोर तुमच्या वटीत टाकली. मला कालेजातलं काय कळत नाय. पन काय वावगं कानावर आलं तर त्याच दिशी येऊन घेऊन जाईन." मी म्हटलं होतं, "माझ्या नजरेखाली आहे. शब्द देते."

शब्द दिला होता. आणि वेणी सोडली.

रोशनीने सांगितलं, त्यांच्या पाड्यावर चांगुणा म्हणून पोर होती. जत्रेत एका पोराबरोबर फोटो काढला, हौसेने. मागे नकली ताजमहाल. तो फोटो कुणी पाड्यावर दाखवला. आठ दिवसांत आश्रमशाळा सुटली, सहा महिन्यांत लग्न. "ती माझ्यापेक्षा हुशार होती मावशी," म्हणाली. "गणितात."

सोमवार, १६ मे

कॉलेजात गेले. साहेबांच्या केबिनमध्ये एसी. दारावर "विद्यार्थी आमचं कुटुंब" अशी पाटी.

म्हटलं, "साहेब, त्या पोरीला विचारलं होतं का बोर्डाचं?"

"मावशी, नशीब काढलं पोरीने! लोक ओळखी लावतात फोटो यावा म्हणून."

"तिचं शिक्षण सुटेल हो."

"बोर्डामुळे? बोर्ड तर शिक्षणाचा आहे!"

म्हणाले, तीस जूनपर्यंतचं भाडं भरलंय, फ्लेक्स बदलता येणार नाही. वर मला माहितीपत्रक दिलं, भेट म्हणून. त्यात माझी थाळी आहे. खाली लिहिलंय — "पौष्टिक, आंतरराष्ट्रीय दर्जाचं भोजन." बटाट्याची भाजी ती.

मंगळवार, १७ मे

पोळ्या करपल्या. दोनदा.

गुरुवार, १९ मे

आज टेम्पो आला असणार. दिवसभर दाराकडे कान. पोस्टमन आला तरी उठून दारात गेले.

कोणी आलं नाही. ह्यांचं म्हणणं — बारकू मागे क्रेटवर बसत असेल, तोंड दिंडोरीकडे. त्याला बोर्डाची पाठ दिसते. मी म्हटलं, आणि परत जाताना? तर म्हणाले, "जाताना झोपत असेल." हे एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. झोपलेले प्रवासी बघायची सवय.

दोन गुरुवार टळले. तिसरा टळेल याची काय खात्री?

शुक्रवार, २० मे

गोरक्ष येऊन गेला. सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे जेवायचा. डिप्लोमा काही झाला नाही, पण आता पंचवटीत फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, अंगठ्या घालतो. त्याला म्हटलं, एवढा मोठा झालास, तो बोर्ड काढून टाक.

"मावशी, कॉलेजचा बोर्ड काढला तर केस होईल."

"फाड."

"आं! तुम्ही बोलताय हे?" मग पापड खात विचार करू लागला. एकदम मांडीवर थाप मारली. "काढायचा कशाला? झाकू! त्याच्या पुढ्यात वाढदिवसाचा बोर्ड ठोकू. मावशी, नाशकात सरकारी नोटीस लोक फाडतात, पण वाढदिवसाच्या बोर्डाला हात लावायची कोणाची टाप नाही. कुणाचा माणूस असेल काय सांगता येतं?"

"पण वाढदिवस कुणाचा?"

मी, रोशनी, निकिता, तिघींनी एकदमच ह्यांच्याकडे बघितलं. हे आमरस चाटत होते.

ह्यांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. शाळेत मास्तरांनी सगळ्या पोरांची लिहायची तीच लिहिली, एक जून. गोरक्ष खूश झाला. "झकास! दहा-बारा दिवस आधी लावायची पद्धतच आहे. आणि एक जूननंतर आठवडाभर राहतोच, आभाराचा म्हणून." तोवर बारकू पाड्यावर गेलेला असेल.

हे म्हणाले, "मला नको ते." मी म्हटलं, "शब्द मी दिलाय, तुम्ही नुसता फोटो द्या."

रविवार, २२ मे

बोर्ड लागला! बांबूवर, बरोबर रोशनीच्या पुढे. मेहुण्याचं एक ढोपर आणि "जगू या!" एवढंच उरलंय.

आणि त्यापुढे आमचे हे! एसटीच्या निवृत्तीच्या वेळचा फोटो, टोपी कापून फेटा चढवलेला. गोरक्षने डोळ्यांवर काळा चष्मा लावलाय! "गोरगरिबांचे कैवारी, नाशिकची बुलंद तोफ, मा. पुंजाराम आबा बोरस्ते यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!" माणसाने उभ्या जन्मात मोठ्याने हॉर्न वाजवला नाही. तोफ!

खाली शुभेच्छुक म्हणून माझ्या मेसच्या पोरांचे चेहरे, जुने ओळखपत्रांचे फोटो होते माझ्याकडे, ते दिले. सगळे कसे पकडून आणल्यासारखे.

रोशनी किती दिवसांनी पोटभर जेवली. बोर्ड बघून आली तेव्हा हसू दाबत होती. "आबा, नमस्कार करते," म्हणून ह्यांच्या पाया पडली. हे लाजून गच्चीवर गेले.

मंगळवार, २४ मे

गोरक्षने मला न विचारता खाली आमचा फोन नंबर छापलाय! "त्याशिवाय बोर्ड खरा वाटत नाही मावशी."

सकाळपासून अकरा फोन. एकाच्या गल्लीत दिवे नाहीत. एकाला बदली पाहिजे. हनुमानवाडीतून कोणी म्हातारे — "आबा, तुम्ही उभे राहा, आमची आठ मतं." हे आधी घाबरून फोन माझ्याकडे द्यायचे. मग एकदा घेतला. गटाराची तक्रार होती. सगळी ऐकून घेतली, म्हणाले, "बघतो." मग खरंच सायकल काढून बघायला गेले! दोन तासांनी आले. म्हणाले, "तुंबलंय खरं."

चार जणांनी तर कॉलेजच्या प्रवेशासाठी वशिला मागितला. कॉलेजच्या बोर्डाला खेटून ह्यांचा बोर्ड, तेव्हा लोकांना वाटतं हे ट्रस्टी. एक बाई फोनवर रडवेल्या झाल्या, मुलाला टक्के कमी पडतील म्हणाल्या. मी फोन घेतला. म्हटलं, ताई, निकाल अजून लागलाच नाही, आधी त्याला नीट जेवू घाला. अर्धा तास बोललो. कारल्याच्या काचऱ्यांवर येऊन थांबलो.

बुधवार, २५ मे

साहेब आले! आमच्या घरी, टायसकट. मला वाटलं आता पोलीस.

हातात गुच्छ. "आबासाहेबांना आगाऊ शुभेच्छा. संस्थेतर्फे." आबासाहेब बनियनवर लसूण सोलत होते. साहेब खुर्चीच्या टोकाला बसले. म्हणाले, "बोर्डाची जागा उत्तम निवडली आपण. आमचा थोडा झाकला जातो, पण आपलाच माणूस आहे म्हटल्यावर…" मग हळूच — "आबासाहेब कोणत्या वॉर्डातून?"

हे म्हणाले, "मी डेपो एकमधून."

साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं. गेल्यावर आम्ही इतकं हसलो की निकिताला उचकी लागली. मला ओळखलंच नाही हो त्यांनी! चहा नेऊन दिला तरी नाही.

गुरुवार, २६ मे

तिसरा गुरुवार.

ह्यांनीच सकाळी जाऊन नाक्यावर पाळत ठेवली, मेथीवालीच्या शेजारी बसून. तिने ओळखलं, आणि बोर्डावरच्या माणसाकडून मेथीचे पैसे घेईना. साडेनऊला भाऊंचा टेम्पो गेला. बारकू मागे उभा होता. बोर्डाकडे बघत बघत गेला, मान वळवून, पार वळणापर्यंत. ह्यांनी स्वतः बघितलं.

बघू दे! बघून बघून काय बघणार? काळा चष्मा!

सुटले गं बाई. छातीवरचा वरवंटा कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटतंय. रोशनीने क्लासमध्ये आज स्वतःचं नाव टाइप करून छापून आणलं. कागद दाराला चिकटवलाय. दाराचा रंग उडाला तर उडाला.

शुक्रवार, २७ मे

दुपारी गाढ झोपले. पंधरा दिवसांनी.

रविवार, २९ मे

संतोषभाऊंचा दिंडोरीहून फोन. मला वाटलं गटारवाले, म्हणून हसतच घेतला.

"मावशी, तुमच्याकडं काय झालंय का? बारकू गुरुवारपास्नं जेवला नाय धड. कैची हातात घेऊन नुसता उभा राहतो. उद्याचा खाडा मागितलाय. पोरीकडं जायचं म्हनतो."

"का?"

"बोर्डाचं कायतरी म्हनत होता. मला नीट सांगंना. लय बिथरलाय मातर."

म्हणजे बघितला होता. आम्ही झाकायच्या आधीच बघितला होता. बारा तारखेलाच असेल. मनात धरून बसला, आणि आता येतोय.

रोशनीला सांगावंच लागलं. ती आत गेली. मागे जाऊन बघितलं तर पत्र्याची पेटी उघडून कपडे घड्या करून ठेवत होती. निकिता तेच कपडे एकेक बाहेर काढत होती. एक ठेवते, दुसरी काढते.

मी म्हटलं, "पेटी बंद कर. मी बोलते तुझ्या बाबांशी."

"काय बोलाल?"

"खरं सांगेन. वेणी मी सोडली म्हणून. हसवलं मी म्हणून. न्यायचं तर मला ओरडून मग ने म्हणेन."

"ते ओरडत नाहीत मावशी," म्हणाली. "ते नुसते घेऊन जातात."

हे बाहेरून म्हणाले, "मी पण बसतो उद्या. बोर्डावरचा माणूस मी आहे." मला एकदम रडू आलं. या माणसाला चाळीस वर्षांत मी कधी तोफ म्हटलं नसतं.

उद्या पहिल्या गाडीने निघाला तरी नऊ वाजतील. नागलीची भाकरी करीन. जेवल्याशिवाय काही बोलू द्यायचं नाही. माणूस जेवलेला असला की ऐकतो.

सोमवार, ३० मे

साडेआठलाच आला. चप्पल न काढता थेट आत आला! रोशनीला बघितलं, दोन्ही हातांनी तिचं डोकं चाचपलं, आणि मला म्हणाला, "मावशी, पोरीला कालेजानं काढली का?"

"काढली? कुठून?" मी म्हटलं.

"बोर्डावरनं काढून टाकली ना. तिथं कोन म्हातारा बसवला. म्या म्हनलं, हिचं काय चुकलं? पाड्यावरच्या सात जनांना म्या टेम्पोत घालून आनून दावली होती — ही माझी पोर, कालेजात हाय. आता समदे इचारत्यात, कुठं गेली?"

मी चाचरत म्हटलं, अरे, ती पँट… तो गाडीवरचा पोरगा…

"पोरगा?" बारकू म्हणाला. "आसंल. तिच्या हातात बुक होतं, मावशी! येवढं जाड!"

बुक. त्या बोर्डाखाली मी एवढा वेळ उभी राहिले. मला ते दिसलंच नव्हतं.

रोशनी बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देतेय, आणि बारकू मला विचारतोय, "ही रडती कशाला?" ह्यांनी शिडी खांद्यावर घेतली. म्हणाले, "चला पाव्हणं. जरा हात लावा, मला बोर्डावरून खाली उतरवू."